जोडांची मालकी कुणाकडे? ओटावाच्या कॉन्फेडरेशन मार्गाचा प्रकरण अभ्यास

कॅनडाची राजधानी ओटावा येथील कॉन्फेडरेशन मार्ग हा साडेबारा किलोमीटर लांबीचा, तेरा स्थानकांचा हलका रेल्वेमार्ग १४ सप्टेंबर २०१९ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. लांबी किंवा खर्च या दृष्टीने तो जगातल्या मोठ्या मेट्रो प्रकल्पांत बसत नाही. तरीही कंत्राटदारांचे संयुक्त उपक्रम मोठ्या वाहतूक प्रकल्पांवर नेमका कसा परिणाम करतात हे समजून घेण्यासाठी याहून बोलके प्रकरण सापडणे कठीण आहे. या मार्गाच्या अपयशाची न्यायालयीन अधिकारांसह जाहीर चौकशी झाली आणि एरवी कंत्राटदारांच्या कपाटात बंद राहणारे करार, पत्रव्यवहार व मोबाइलवरील संदेश शपथेवरील साक्षींच्या ओघात लोकांसमोर आले.

कंत्राटदार एकत्र का येतात, हे आधी सांगायला हवे. भुयार खोदणे, स्थानके बांधणे, रूळ टाकणे, विजेच्या तारा ओढणे, गाड्या पुरवणे आणि सिग्नल यंत्रणा बसवणे ही सारी कामे एकाच कंपनीच्या आवाक्यात क्वचितच असतात. शेकडो किंवा हजारो कोटींची बँक हमी देण्याची एकट्याची ताकद नसते, निविदेतील पूर्वानुभवाच्या अटी एकट्याने पूर्ण होत नाहीत आणि तोटा झालाच तर तो वाटून घेतलेला बरा असतो. म्हणून ‘जेव्ही’ म्हणजे संयुक्त उपक्रम (जॉइंट व्हेंचर) स्थापन होतो. काम देणाऱ्या संस्थेलाही ही रचना सोयीची वाटते, कारण सर्व भागीदार एकत्रितपणे आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही पूर्ण कामाला बांधील राहतील, अशी अट सहसा करारात असते. एक भागीदार बुडाला तरी दुसऱ्याच्या मानेवर जबाबदारी कायम राहते. कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. ओटावात ती कुठे उसवली, तेच येथे पाहायचे आहे.

प्रकल्पाची आखणी

ओटावाने याआधी एकदा हात पोळून घेतले होते. उत्तर-दक्षिण रेल्वेमार्गाचे दिलेले कंत्राट डिसेंबर २००६ मध्ये नव्या नगरसेवकांच्या सभागृहाने रद्द केले आणि पुढे कंत्राटदारांना भरपाई देऊन तो वाद मिटवावा लागला. दुसऱ्या प्रयत्नात खर्च ठरल्यापेक्षा एक डॉलरनेही वाढू द्यायचा नाही, असा निर्धार महापालिकेत रुजण्यामागे हा इतिहास होता. पूर्व-पश्चिम मार्गासाठी संघराज्य आणि प्रांत सरकारने प्रत्येकी ६० कोटी डॉलर देऊ केले होते. एकूण खर्च २१० कोटी कॅनडियन डॉलरच्या मर्यादेत बसवायचा होता.

त्यासाठी आराखडा, बांधकाम, भांडवलउभारणी आणि ३० वर्षांची देखभाल हे सारे एकाच खाजगी समूहाकडे ठरलेल्या किमतीत सोपवायचे, असे ठरले. डिसेंबर २०१२ मध्ये सभागृहाने रिडो ट्रान्झिट ग्रुप या समूहाची निवड एकमताने मंजूर केली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये करार झाला. स्पेनचा एसीएस समूह, कॅनडाची एसएनसी-लाव्हलिन (आजची ॲटकिन्सरेआलिस) आणि कॅनडाचीच एलिसडॉन हे त्याचे मुख्य भागीदार होते.

या समूहाची उतरंड नीट पाहिल्याशिवाय पुढचे काहीच उमगणार नाही. महापालिकेचा करार रिडो ट्रान्झिट ग्रुप या कागदी प्रकल्प कंपनीशी होता. तिने बांधकामाची संपूर्ण जबाबदारी ‘ओएलआरटी कन्स्ट्रक्टर्स’ या जेव्हीवर टाकली आणि त्यात एसीएसची उपकंपनी ड्रॅगाडोस, एसएनसी-लाव्हलिन व एलिसडॉन हेच तिघे होते. देखभालीची जबाबदारी तिने ‘रिडो ट्रान्झिट मेंटेनन्स’ या तिसऱ्या संस्थेवर टाकली, तिचे मालकही हेच. बांधकामाच्या जेव्हीने गाड्यांचे उपकंत्राट फ्रान्सच्या अल्स्टॉमला आणि स्वयंचलित सिग्नल यंत्रणेचे थेल्सला दिले. देखभाल संस्थेने गाड्यांच्या देखभालीचे उपकंत्राट पुन्हा अल्स्टॉमलाच दिले. वरून पाहणाऱ्या महापालिकेला एकच नाव दिसत होते. त्या नावाखाली मात्र वेगवेगळ्या नफ्या-तोट्याचे हिशेब मांडणाऱ्या अनेक संस्था होत्या आणि त्यांच्यातील प्रत्येक करार स्वतंत्रपणे, स्वतंत्र वेळी वाटाघाटी होऊन ठरलेला होता.

गाडी एकाची, सिग्नल दुसऱ्याचा

निविदेच्या काळात समूहाचा गाडी पुरवठादार स्पेनची सीएएफ ही कंपनी होती. तिची गाडी महापालिकेच्या अपेक्षांना उतरली नाही आणि समूहाने उशिराने अल्स्टॉमला सोबत घेतले. अल्स्टॉमची ‘सिटाडिस स्पिरिट’ ही युरोपातल्या ट्रामवरून उत्तर अमेरिकेसाठी नव्याने घडवलेली गाडी होती. ओटावाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात, मेट्रोइतक्या गर्दीत आणि पूर्ण स्वयंचलित सिग्नल व्यवस्थेखाली तिला धावायचे होते. शिवाय करारात २५ टक्के कॅनडियन मालमजुरीची अट असल्यामुळे बहुतेक गाड्यांची जुळणी ओटावातील बेलफास्ट रोडवरच्या नव्या कारशेडमध्येच करायची होती. गाडी नवी, तिची सिग्नलशी जुळवणी नवी आणि जुळणीचा कारखानाही नवा, असा हा तिहेरी डाव होता.

अल्स्टॉम आणि थेल्स यांची उपकंत्राटे एकमेकांशी जुळलेली नव्हती. दोघांची वेळापत्रके वेगळी होती, आणि गाडीच्या यंत्रणेने सिग्नलकडून कोणती माहिती कशी घ्यायची याचा तपशील ठरवण्याबाबतच्या दोघांच्या गृहीतकांत फरक होता. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला जबाबदार नव्हता. दोघांच्या मधला सांधा बांधकामाच्या जेव्हीच्या ताब्यात होता, कारण दोन्ही उपकंत्राटे तिने दिली होती. परंतु या जेव्हीतील भागीदारांची ताकद होती स्थापत्यकामात. गाडी, सिग्नल, वीज, रूळ आणि नियंत्रण कक्ष ही सारी एक यंत्रणा म्हणून चालते की नाही हे पाहण्याचे काम, म्हणजे यंत्रणांचे एकत्रीकरण, स्वतंत्र कौशल्य मागते. चौकशी आयोगाच्या निष्कर्षानुसार या जबाबदारीसाठी जेव्हीने वेळीच पुरेशी व्यवस्था उभी केली नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा इथेच आहे. भागीदारी करताना कंपन्या कामाची वाटणी करतात, कारण नफ्याची वाटणी तिच्यावरच ठरते. भुयार कुणाचे, स्थानके कुणाची, रूळ कुणाचे याच्या सीमा काटेकोरपणे आखल्या जातात. सीमारेषेवरचे काम मात्र कुणाच्याच नफ्यात मोजले जात नाही आणि त्यावर केलेला खर्च प्रत्येक भागीदाराला दुसऱ्याच्या पदरात पडलेला वाटतो. महापालिकेने सगळी जोखीम एका नावाकडे सोपवली, पण त्या नावाच्या आत तीच जोखीम तुकड्यातुकड्यांनी खाली सरकवली गेली आणि तुकडे जिथे एकमेकांना भिडत होते तिथे ती उघडी पडली.

रिडो स्ट्रीट खचला तेव्हा

८ जून २०१६ रोजी सकाळी शहराच्या ऐन मध्यवस्तीत रिडो स्ट्रीट खचला. खाली अडीच किलोमीटरच्या भुयाराचे काम सुरू होते. हे भुयार पूर्ण चक्राच्या टनेल बोअरिंग मशीनने खोदले जात नव्हते. रोडहेडर यंत्रांनी टप्प्याटप्प्याने खडक कोरत ते पुढे नेले जात होते. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, गॅसगळती झाली, रस्त्यावर उभी असलेली एक व्हॅन खड्ड्यात गेली आणि आसपासच्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीबच म्हणायचे.

जमिनीखालची जोखीम कुणी किती उचलायची, यासाठी महापालिकेने निविदेतच पायऱ्या ठेवल्या होत्या. ज्या बोलीदाराने जास्त जोखीम स्वीकारली त्याची बोली वजनदार ठरणार होती, आणि रिडो समूहाने पूर्ण भूगर्भीय जोखीम स्वीकारली होती. मध्यवस्तीतले भुयार, बर्फयुगात साचलेल्या मातीने भरलेली खडकातली घळ आणि शंभर वर्षांच्या जुन्या वाहिन्यांचे जाळे असताना एवढी जोखीम ठरलेल्या किमतीत कुणी घेत असेल, तर काम देणाऱ्याने हरखून जाण्याऐवजी सावध व्हायला हवे. रस्ता खचल्यावर समूहाने वेळ आणि पैसा वाढवून मागितला, महापालिकेने करारावर बोट ठेवून नकार दिला आणि हा वाद पुढे न्यायालयात गेला. महापालिकेची भूमिका कायद्याने समजण्यासारखी होती. परंतु आयोगाच्या मते दोन्ही बाजूंमधले सहकार्याचे संबंध इथून बिघडले, आणि २४ मे २०१८ ही हस्तांतराची मूळ तारीख कायम ठेवल्याने पुढच्या सगळ्या कामांचा श्वास कोंडला.

याचे परिणाम भुयारापुरते राहिले नाहीत. भुयार लांबले, म्हणून संपूर्ण मार्गावर गाडी चालवून पाहण्याचा दिवस लांबला. तो लांबला तरी कारशेडमध्ये गाड्यांची जुळणी थांबली नाही, कारण अल्स्टॉमचे वेळापत्रक वेगळे होते. पहिल्या गाडीच्या पूर्ण चाचण्या होऊन दोष निघण्याआधीच पुढच्या गाड्या तयार होत गेल्या, आणि नंतर सापडलेला प्रत्येक दोष चौतीस गाड्यांत एकेक करून दुरुस्त करावा लागला. स्थापत्यकामातला उशीर यंत्रणांच्या चाचणीकाळातून भरून काढायचा, ही या उद्योगातली जुनी खोड आहे. ज्या जेव्हीचे भागीदार स्वतः स्थापत्यकामातले आहेत, तिथे ती आणखी बळावते.

तारखांचा खेळ

मे २०१८ ची तारीख हुकली. मग नोव्हेंबर २०१८ सांगितली गेली, मग मार्च २०१९, मग जून २०१९. आयोगाच्या निष्कर्षानुसार यातल्या काही तारखा साफ अवास्तव आहेत हे समूहाला ठाऊक असूनही त्या महापालिकेला दिल्या गेल्या. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही त्यांच्या सल्लागारांनी सावध केले होते, परंतु करारातील रचनेमुळे त्यांना खालच्या उपकंत्राटांपर्यंत थेट पाहता येत नव्हते. जेव्हीतला प्रत्येक भागीदार आपल्या वाट्याची अडचण वर कळवताना हात आखडता घेतो, कारण आज कबूल केलेला उशीर उद्या त्याच्याविरुद्धच्या दाव्यात पुरावा ठरतो. तीन-चार स्तरांवर असे होत गेले की माथ्यावर पोहोचणारी माहिती प्रत्यक्षापेक्षा बरीच उजळ होते.

या काळात आणखी एक निर्णय घडला. मार्गाच्या विस्ताराला अडथळा नको म्हणून महापालिकेने २०१७ मध्ये समूहाला दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्यांची जागा स्वतः घेतली. कर्ज देणाऱ्या संस्था कंत्राटदारावर लक्ष ठेवतात, त्यांचे तांत्रिक सल्लागार प्रश्न विचारतात, हा या खाजगी भागीदारीच्या पद्धतीचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो पहारा इथे संपला. आता महापालिका एकाच वेळी ग्राहक, मालक आणि समूहाची सावकार झाली होती.

जुलै २०१९ च्या अखेरीस बारा दिवसांची चाचणी-सेवा सुरू झाली. चाचणी सुरू होताना लागू असलेल्या निकषांनुसार ठरलेल्या गाडी-किलोमीटरपैकी सरासरी ९८ टक्के पूर्ण व्हायला हवे होते. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. ऑगस्टमध्ये निकष बदलून २०१७ मधले जुने मापदंड वापरायचे ठरले. बारापैकी नऊ दिवस चांगले आणि सरासरी ९६ टक्के एवढे आता पुरेसे होते. गर्दीच्या वेळी पंधराऐवजी तेरा जोडगाड्या चालवायचेही ठरले. हे बदल निवडून आलेल्या नगरसेवकांना वेळेत सांगितले गेले नाहीत. व्हॉट्सॲपवरच्या एका गटात महापौर, शहर व्यवस्थापक आणि परिवहन विभागप्रमुखांना मात्र चाचणीचे निकाल रोज कळत होते. ३० ऑगस्ट रोजी मार्गाचा ताबा घेतला गेला. मार्ग सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत समांतर बससेवा काढून घेण्यात आली आणि शहर संपूर्णपणे या गाड्यांवर विसंबले.

प्रवाशांच्या वाट्याला आलेले

पहिल्याच महिन्यात दरवाजे अडकून संपूर्ण मार्ग ठप्प होऊ लागला. हिवाळ्यात चाके एका बाजूला झिजून सपाट झाली आणि विजेच्या तारा तुटल्या. पुरेशा गाड्या उपलब्ध होईनात. कारशेडमध्ये तीन कामे एकाच वेळी चालू होती: रोजची देखभाल, आधीच्या दोषांची दुरुस्ती आणि विस्तारासाठीच्या नव्या गाड्यांची जुळणी. तिन्ही कामे अल्स्टॉमकडे असली तरी दोन वेगवेगळ्या करारांखाली होती. बांधणाऱ्या जेव्हीला काम संपवून बाहेर पडायचे होते आणि अपुरी राहिलेली कामे देखभाल संस्थेच्या ताटात पडत होती. दोन्हींचे मालक तेच असल्यामुळे दोष पलीकडे ढकलला म्हणून मालकांचा फारसा तोटा होत नव्हता; कोंडी झाली ती कारशेडमधल्या कामगारांची आणि फलाटावर थंडीत उभ्या असलेल्या माणसांची. महापालिकेने सेवा न मिळाल्याबद्दल देखभालीच्या रकमा कापल्या. त्या कपातीवरूनही वाद झाले.

८ ऑगस्ट २०२१ रोजी टनीज पाश्चर स्थानकाजवळ एका रिकाम्या गाडीचा आस नादुरुस्त होऊन ती रुळावरून घसरली. १९ सप्टेंबर रोजी ट्रेम्बले स्थानकाजवळ प्रवासी असलेली गाडी घसरली. दुरुस्तीनंतर गिअरबॉक्सचे बोल्ट नीट आवळले गेले नव्हते. कुणी गंभीर जखमी झाले नाही, परंतु मार्ग ५४ दिवस बंद राहिला आणि १२ नोव्हेंबर रोजी टप्प्याटप्प्याने सुरू झाला.

यातली पहिली घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. बोल्ट आवळायचे राहणे ही कामगिरीतली चूक आहे, ती शोधता येते. आसाच्या बेअरिंगचे झिजणे मात्र चाक आणि रूळ जिथे एकमेकांना टेकतात तिथून सुरू होणाऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवते. वळणांवर गाडीवर येणारे जोर अपेक्षेपेक्षा जास्त होते. चाक अल्स्टॉमचे, रूळ बांधकामाच्या जेव्हीचा. गाडी पुरवणारा म्हणणार, रुळाची घडण सदोष आहे. रूळ टाकणारा म्हणणार, गाडीच इथल्या वळणांसाठी योग्य नाही. या दोन पृष्ठभागांचे नाते आधीच तपासण्यासाठी पुरेसा समन्वय झाला नव्हता, असे आयोगाने नोंदवले. एवढ्या प्रचंड प्रकल्पातला हा जोड हाताच्या बोटाएवढ्या रुंदीचा आहे आणि नेमका तोच कुणाच्या करारात पूर्णपणे आला नव्हता.

आयोगाचा निवाडा

ओंटारिओ प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये चौकशी जाहीर केली, डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती विल्यम हौरिगन यांचा आयोग नेमला आणि त्याचा अहवाल ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आला. अहवालात १०३ शिफारशी आहेत. सार्वजनिक विश्वासाचा घोर भंग झाल्याची दोन उदाहरणे त्यांनी दिली: एक, समूहाने कामाच्या तारखांबद्दल जाणूनबुजून चुकीची माहिती दिली, दुसरे, महापालिकेच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी चाचण्यांचे खरे चित्र सभागृहापासून लपवले. शहर व्यवस्थापक स्टीव्ह कॅनेलाकोस यांनी अहवाल येण्याच्या दोनच दिवस आधी राजीनामा दिला होता.

माध्यमांचे लक्ष राजीनाम्यांवर आणि व्हॉट्सॲपवर गेले, ते साहजिक होते. माझे लक्ष मात्र तांत्रिक शिफारशींवर खिळते: सुरुवातीलाच एकत्रीकरणाची जबाबदारी स्पष्टपणे कुणाची हे ठरवा, स्थानिक परिस्थितीत सिद्ध झालेली गाडी निवडा, चाचणीकाळ कापू नका, सेवा सुरू करताना हळूहळू वाढवत न्या, आणि आपण काय विकत घेत आहोत हे समजणारी माणसे काम देणाऱ्या संस्थेत स्वतःची ठेवा. यातल्या शेवटच्या मुद्द्याचे मोल सर्वाधिक आहे. खाजगी समूहाला सगळे दिले म्हणजे आपल्या अभियंत्यांची गरज उरत नाही, हा समज ओटावाला फार महाग पडला.

मुंबई मेट्रो-३ शी तुलना

मराठी वाचकाला इथे कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मार्गाची आठवण येणे स्वाभाविक आहे. तिथेही भुयारांची सातही पॅकेजेस संयुक्त उपक्रमांकडे होती: एल अँड टी आणि शांघाय टनेल, एचसीसी आणि मॉस्को मेट्रोस्ट्रॉय, दोउश आणि सोमा, सीईसी, आयटीडी सिमेंटेशन आणि टाटा प्रोजेक्ट्स, तसेच जे. कुमार आणि चायना रेल्वे टनेल ग्रुप. भारतीय कंपनीसोबत भुयाराचा अनुभव असलेली परदेशी कंपनी, अशी ही जोडी होती. मात्र रचनेत एक मूलभूत फरक होता. ही कंत्राटे स्थापत्यकामाची होती. गाड्या आणि सिग्नल यंत्रणा मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने वेगळ्या करारांनी घेतल्या आणि दोन्ही अल्स्टॉमकडेच दिल्या. ज्या सांध्यावर ओटावा अडले, तो इथे एकाच पुरवठादाराच्या आत आला, आणि पॅकेज-पॅकेजमधले सांधे कॉर्पोरेशनने स्वतःकडे ठेवले.

म्हणून मुंबईत सारे सुरळीत झाले असे मुळीच नाही. सुमारे २३ हजार कोटी रुपयांचा मूळ खर्च ३७ हजार कोटींच्या पलीकडे गेला, आरेतील कारशेडचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. पॅकेजवार पद्धतीत काम देणाऱ्याला सगळे सांधे सांभाळण्याचा भार उचलावा लागतो आणि एका पॅकेजचा उशीर सगळ्या मार्गाचा उशीर होतो. पण तो उशीर कुठे आहे हे त्याला दिसते, कारण त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या करारांवर त्याचीच सही असते.

ओटावात मार्गाच्या पूर्व आणि पश्चिम विस्ताराचे काम कीविट, युरोव्हिया आणि विन्सी यांच्या वेगळ्या जेव्हीकडे गेले आहे. विस्तारित रुळांवर धावणाऱ्या गाड्या मात्र अल्स्टॉमच्याच आहेत, सिग्नल थेल्सच्याच यंत्रणेवर बेतलेले आहेत, आणि संपूर्ण मार्गाची देखभाल त्या पहिल्याच समूहाकडे राहणार आहे. म्हणजे जुन्या जोडांत नव्यांची भर पडली आहे. त्यातले कोणते कुणाच्या नावावर आहेत, हे महापालिकेच्या अभियंत्यांनी या वेळी करारावर सही होण्याआधी लिहून ठेवले आहे का, ते पुढच्या काही हिवाळ्यांत वळणांवरच्या रुळांवरून आणि गाड्यांच्या आसांवरून कळेल.